राक्षसी तारा आणि त्याचा मंद जोडीदार : आयोटा कर्क या जोडताऱ्याचे प्रकरण

कर्क राशीच्या उत्तर टोकाला असलेला आयोटा हा तारा नाशिक शहरातून नुसत्या डोळ्यांनी सहसा दिसत नाही. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींचे दिवे, कॉलेज रोड व गंगापूर रोडचा उजेड आणि वाऱ्यावर तरंगणारी धूळ यांमुळे चौथ्या प्रतीचा हा तारा (प्रत म्हणजे तेजाचे माप, आकडा जितका मोठा तितका तारा मंद) आकाशाच्या पार्श्वभूमीत विरून जातो. त्याला पाहण्यासाठी पेठ किंवा हरसूलच्या बाजूला जावे लागते, नाहीतर गच्चीवरूनच, तो नेमका कुठे असायला हवा हे ठाऊक करून घेऊन, दुर्बिणीने शोधावा लागतो. दुर्बिणीत मात्र त्याच्या जागी दोन तारे दिसतात : पिवळसर झाक असलेला ४.० प्रतीचा मुख्य तारा आणि त्याच्या वायव्येला सुमारे ३०.६ विकलांवर (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) ६.६ प्रतीचा पांढरा जोडीदार. जोडताऱ्यांच्या याद्यांमध्ये स्ट्रूव्ह १२६८ या क्रमांकाने ही जोडी नोंदलेली आहे. तिच्यातील मुख्य तारा जी८ वर्गाचा (वर्ग तापमानावरून ठरतो) राक्षसी, म्हणजे आयुष्याच्या उत्तरार्धात फुगलेला तारा असून जोडीदार ए३ वर्गाचा, मुख्य क्रमावरचा, म्हणजे अजून गाभ्यातला हायड्रोजन जाळणारा साधा तारा आहे.

प्रस्तुत अभ्यासासाठी ही जोडी निवडण्याचे कारण तिचे सौंदर्य नव्हे. मुख्य तारा राक्षसी असलेल्या जोडीत भौतिक गुणधर्म ठरवण्याची रीत काहीशी उलटी होते. डोळा आणि कॅमेरा दोघेही तेजस्वी ताऱ्याकडे ओढले जातात आणि मंद तारा केवळ सोबतीला आहे असे वाटते. प्रत्यक्षात मुख्य ताऱ्याचे वस्तुमान किती, वय किती, अंतराचा आकडा विश्वासार्ह आहे का, या सर्व प्रश्नांची खात्रीलायक उत्तरे त्या मंद जोडीदाराकडून मिळतात. हे म्हणणे कितपत टिकते, आणि नाशिकच्या गच्चीवरची सहा इंची दुर्बीण व सर्वांना खुल्या असलेल्या तारासूची यांच्या आधारे आपल्याला कुठवर जाता येते, हे पाहणे हा या लेखाचा विषय आहे.

जोडी सापडणे आणि मोजणे

नाशिकचा अक्षांश २० अंश उत्तर आहे आणि या ताऱ्याची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचे कोनीय अंतर, सुमारे +२८.८ अंश आहे. त्यामुळे मध्यमंडल (आकाशातील उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडताना तो खमध्याच्या (डोक्यावरच्या बिंदूच्या) उत्तरेस नऊ अंशांच्या आत, म्हणजे क्षितिजापासून ८१ अंश उंचीवर असतो. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री साडेनवाच्या सुमारास ही स्थिती येते. प्रकाश वातावरणाच्या सर्वांत पातळ थरातून येत असल्याने शहराच्या आकाशातही मोजमापाला हा काळ उत्तम असतो. डॉबसोनियन, म्हणजे हाताने आडवी-उभी फिरवायची साधी बैठक वापरणाऱ्यांना मात्र खमध्याजवळ नळी वळवणे जिकिरीचे जाते. त्यांनी तारा मध्यमंडलावर येण्याच्या तास-दीड तास आधीच काम उरकून घेतलेले बरे.

शोधण्याची एक सोपी युक्ती आहे. पुनर्वसू नक्षत्रातील पोलक्स हा ठळक तारा शहरातूनही दिसतो आणि त्याची क्रांती +२८ अंश आहे, म्हणजे आयोटाच्या जवळपास इतकीच. पोलक्स दृष्टिक्षेत्राच्या मध्यावर आणून दुर्बीण आहे तशी सोडून दिली, तर सुमारे एका तासाने आयोटा त्याच जागेच्या पाऊण अंश उत्तरेकडून सरकत जातो. रुंद दृष्टिक्षेत्राची नेत्रिका लावली असेल तर तो आपोआप समोर येतो, नसेल तर नळी किंचित उत्तरेकडे ढकलावी लागते. पुष्य नक्षत्राकडून येणाऱ्यांनी गॅमा कर्कपासून सरळ उत्तरेला सात अंश जावे.

दोन ताऱ्यांमधले अंतर मोजण्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. मागोवा घेणारी मोटर बंद केली की तारे पृथ्वीच्या परिवलनामुळे दृष्टिक्षेत्रातून पूर्व-पश्चिम सरकतात आणि या क्रांतीवर त्यांचा वेग सेकंदाला सुमारे १३.२ विकला असतो. जोडीदार वायव्येला, स्थितिकोन (उत्तरेकडून पूर्वेकडे मोजलेला कोन) सुमारे ३०७ अंशांवर असल्याने पूर्व-पश्चिम दिशेतले अंतर २४.४ विकला भरते. म्हणजेच जाळीच्या रेघेवरून आधी जोडीदार जातो आणि त्यानंतर १.८५ सेकंदांनी मुख्य तारा जातो. हाताने थांबघड्याळ दाबताना एक दशांश ते दोन दशांश सेकंदाची चूक गृहीत धरली, तर एका वेळेच्या मोजणीत दीड-दोन विकलांची अनिश्चितता राहते. अनेक वेळा मोजून सरासरी काढली की ती बरीच खाली येते.

कॅमेऱ्याने हेच काम अधिक नेटके होते. १२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीला ३.७५ मायक्रॉनच्या पिक्सेलचा कॅमेरा लावला तर एक पिक्सेल ०.६४ विकलांएवढा होतो आणि दोन ताऱ्यांमध्ये जवळपास ४७ पिक्सेल पडतात. दोन्ही प्रतिमांचे मध्यबिंदू पिक्सेलच्या काही दशांशापर्यंत ठरवता येतात, त्यामुळे वातावरणाची थरथर दोन-तीन विकलांची असली तरी अंतर एक-दोन दशांश विकलांपर्यंत मिळू शकते. काळजी एकाच गोष्टीची घ्यावी लागते. दोघांच्या प्रतीत सुमारे अडीच एककांचा फरक आहे, म्हणजे मुख्य तारा जोडीदाराच्या दहापटींहून थोडा जास्त प्रकाश देतो. जोडीदार स्पष्ट यावा म्हणून प्रकाशनाचा काळ वाढवला की मुख्य ताऱ्याचे पिक्सेल भरून वाहू लागतात, आणि मग त्याचा मध्यबिंदू, तेज आणि रंग या तिन्हींवर विश्वास ठेवता येत नाही.

रंगाविषयी एक खुलासा येथेच केलेला बरा. या जोडीला कुणी कुणी वसंतातला अल्बिरिओ (हंस राशीतील प्रसिद्ध रंगीत जोडतारा) म्हणतात, आणि जोडीदार निळा असल्याची वर्णने सर्रास आढळतात. ए३ वर्गाचा तारा निळा नसतो, तो पांढरा असतो. पिवळ्या ताऱ्याशेजारी ठेवल्यामुळे डोळ्याला तो निळसर भासतो, एवढेच. भौतिक गुणधर्म ठरवताना या भासाचा उपयोग नाही. दोन गाळण्यांमधून मोजलेला रंगनिर्देशांक, म्हणजे त्या दोन प्रतींमधला फरक हवा. तो मुख्य ताऱ्यासाठी सुमारे १.० आणि जोडीदारासाठी सुमारे ०.१ आहे. दोन्ही तारे एकाच दृष्टिक्षेत्रात, अर्ध्या कलेच्या अंतरावर असल्याने शहरातील धूळ व धुके दोघांचा प्रकाश जवळपास सारखाच कमी करतात. म्हणून त्यांच्यातील फरक नाशिकमधूनही चांगला मोजता येतो, जरी प्रत्येकाची स्वतंत्र प्रत मोजणे अवघड असले तरी.

दोघे खरोखर एकत्र आहेत का

आकाशात शेजारी दिसणारे दोन तारे प्रत्यक्षात एकमेकांच्या मागे-पुढे शेकडो प्रकाशवर्षांवर असू शकतात. तसे असेल तर जोडीदारावरून मुख्य ताऱ्याविषयी काहीही म्हणता येणार नाही आणि या लेखाचा पायाच निघून जाईल. म्हणून हा प्रश्न आधी सोडवायला हवा.

शेजारच्या मिथुन राशीतील कॅस्टर या जोडताऱ्याच्या बाबतीत विल्यम हर्शेल यांनी १८०३ मध्येच दोन्ही तारे परस्परांभोवती फिरतात हे दाखवून दिले होते, कारण तेथील कक्षीय गती काही दशकांत लक्षात येण्याइतकी मोठी होती. आयोटा कर्कमध्ये तशी सोय नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डॉर्पट येथे फ्रीडरिश गेओर्ग विल्हेल्म स्ट्रूव्ह यांनी केलेली मोजणी आणि आजची मोजणी शेजारी ठेवली तर अंतर दोन्ही वेळा ३० ते ३१ विकलांच्या दरम्यानच आहे. वरवर पाहता यातून काहीच सिद्ध होत नाही असे वाटेल. पण येथे काहीच न बदलणे हाच पुरावा आहे.

मुख्य तारा आकाशात स्थिर नाही. त्याची निजगती, म्हणजे आकाशातले त्याचे स्वतःचे सरकणे, वर्षाला सुमारे ०.०५ विकला आहे. स्ट्रूव्ह यांच्या काळापासूनची सुमारे १९० वर्षे धरली तर तो साडेनऊ विकला सरकला. जोडीदार दूरचा, असंबद्ध तारा असता तर एवढ्या काळात दोघांमधील अंतर किंवा स्थितिकोन ठळकपणे बदलला असता. तो बदललेला नाही, म्हणजे जोडीदारही तितकाच आणि त्याच दिशेने सरकला आहे. हिप्पार्कस व गैया या ताऱ्यांची स्थाने मोजणाऱ्या उपग्रहांच्या मोजण्याही हेच सांगतात.

याहून कडक कसोटीही लावता येते. पुढे येणारे अंतर आणि वस्तुमाने गृहीत धरली, तर या दोन ताऱ्यांमधील मुक्तिवेग (एकमेकांच्या गुरुत्वातून सुटण्यासाठी लागणारा वेग) सेकंदाला जास्तीत जास्त १.८ किलोमीटर येतो. १०० पार्सेक (एक पार्सेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षे) अंतरावरून हा वेग वर्षाला चार सहस्रांश विकलांहूनही कमी दिसेल, आणि १९० वर्षांत त्याचा परिणाम सुमारे पाऊण विकला होईल. गुरुत्वाने बांधलेल्या जोडीत याहून मोठा बदल दिसता कामा नये, आणि दिसलेला नाही. अल्बिरिओची जोडी खरी की भासमान असा गैयाच्या मोजणीनंतर जसा वाद उभा राहिला, तसा येथे उभा राहण्याचे कारण दिसत नाही. मी ही जोडी भौतिक मानून पुढे जातो.

अंतर

हिप्पार्कसच्या मोजणीनुसार या ताऱ्याचा पराशय (पृथ्वी सूर्याभोवती फिरल्याने ताऱ्याच्या जागेत दिसणारा फरक, ज्यावरून अंतर निघते) सुमारे १० सहस्रांश विकला आहे, म्हणजे अंतर साधारण १०० पार्सेक किंवा ३२६ प्रकाशवर्षे. गणिताच्या सोयीसाठी हा गोल आकडा येथे वापरला आहे. गैया उपग्रहाची मोजणी एरवी कितीतरी अधिक अचूक असली, तरी फार तेजस्वी ताऱ्यांच्या बाबतीत त्याचे शोधक संपृक्त होतात आणि अनिश्चितता वाढते. चौथ्या प्रतीचा राक्षसी तारा या अडचणीत सापडतो, तर साडेसहाव्या प्रतीचा जोडीदार त्यातून बराचसा सुटतो. दोघे एकत्र आहेत हे एकदा मान्य केले की मंद ताऱ्याचा पराशय तेजस्वी ताऱ्यालाही लागू होतो.

वर्णपटावरूनही याची पडताळणी होते. मुख्य क्रमावरच्या ए३ वर्गाच्या ताऱ्याची निरपेक्ष प्रत, म्हणजे १० पार्सेकवरून दिसली असती ती प्रत, सुमारे +१.५ असते. जोडीदाराची दृश्य प्रत ६.६ आहे. दोहोंतील ५.१ या फरकावरून अंतर सुमारे १०५ पार्सेक येते, जे पराशयाशी चांगले जुळते. हाच प्रयोग राक्षसी ताऱ्यावर करून पाहिला तर पंचाईत होते, कारण जी८ वर्गाच्या राक्षसी ताऱ्यांच्या निरपेक्ष प्रती एकमेकींपासून दोन-तीन एककांनी सहज भिन्न असतात आणि अंतर अडीच ते चार पटींनी चुकू शकते. मुख्य क्रमावर वर्ग कळला की तेज जवळपास ठरते. राक्षसी अवस्थेत ते ठरत नाही.

तेज, तापमान आणि आकार

१०० पार्सेकवर दृश्य प्रतीतून ५ वजा केले की निरपेक्ष प्रत मिळते : मुख्य ताऱ्यासाठी −१.० आणि जोडीदारासाठी +१.६. या दिशेला आणि एवढ्या कमी अंतरावर आंतरतारकीय धूळ नगण्य आहे, त्यामुळे तिची दुरुस्ती करण्याची गरज नाही. सूर्याची निरपेक्ष प्रत +४.८३ आहे. त्या हिशेबाने दृश्य प्रकाशात मुख्य तारा सूर्याच्या सुमारे २१५ पट आणि जोडीदार सुमारे २० पट तेजस्वी ठरतो. राक्षसी ताऱ्याच्या उत्सर्जनाचा मोठा भाग अवरक्त किरणांत जातो आणि तो आपल्या गाळणीत येत नाही. ती भर घातली की एकूण तेज सूर्याच्या सुमारे २७० पट होते. जोडीदारासाठी ही दुरुस्ती किरकोळ आहे.

वर्णपट आणि रंग यांवरून मुख्य ताऱ्याचे पृष्ठतापमान ५००० केल्विनच्या आसपास आणि जोडीदाराचे सुमारे ८६०० केल्विन धरता येते. तापमान आणि एकूण तेज कळले की स्टेफान-बोल्ट्झमन नियमाने (तेज हे पृष्ठफळ आणि तापमानाचा चौथा घात यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते) त्रिज्या निघते. मुख्य ताऱ्याची त्रिज्या सूर्याच्या २१ ते २२ पट, म्हणजे सुमारे दीड कोटी किलोमीटर येते. बुधाच्या कक्षेच्या सरासरी त्रिज्येचा तो चौथा हिस्सा आहे. जोडीदाराची त्रिज्या सूर्याच्या फक्त दुप्पट आहे. तरीही त्याच्या पृष्ठाचा प्रत्येक चौरस मीटर मुख्य ताऱ्याच्या तेवढ्याच पृष्ठाच्या जवळपास नऊपट ऊर्जा बाहेर टाकतो, कारण तापमानाचा चौथा घात येथे कामाला येतो. मुख्य तारा तेजस्वी दिसतो तो निव्वळ आकाराने.

या आकड्यांवर किती विश्वास ठेवावा हेही सांगायला हवे. अंतरात ३ टक्के चूक असेल तर त्रिज्येत तेवढीच चूक येते. तापमानात १०० केल्विनची चूक असेल तर त्रिज्या ४ टक्क्यांनी बदलते, आणि राक्षसी ताऱ्यांच्या तापमानात एवढा मतभेद असणे काही विशेष नाही. म्हणून २१ आणि २२ यांत निवड करण्याचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. थेट मोजायचे म्हटले तर या ताऱ्याचा कोनीय व्यास सुमारे दोन सहस्रांश विकला आहे. सहा इंची दुर्बिणीची पृथक्करण मर्यादा सुमारे पाऊण विकला असल्याने तो तिच्या आवाक्याच्या जवळपास चारशेपट खाली आहे. त्यासाठी दूरदूर ठेवलेल्या अनेक दुर्बिणींचा प्रकाश एकत्र करणारे व्यतिकरणमापक लागतात.

वस्तुमान आणि वय

हा या प्रकरणाचा गाभा आहे. जोडताऱ्यांमध्ये वस्तुमान काढण्याची प्रस्थापित वाट म्हणजे कक्षा मोजणे आणि कक्षेचा आकार, आवर्तकाल आणि वस्तुमान यांना जोडणारा केप्लरचा तिसरा नियम लावणे. ती येथे बंद आहे. ३०.६ विकला म्हणजे १०० पार्सेकवर ३०६० खगोलीय एकके (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर). हे आकाशाच्या पटलावर दिसणारे अंतर आहे, खरे अंतर याहून अधिकही असू शकेल. प्रकाशालाच एका ताऱ्यापासून दुसऱ्याकडे जायला सतरा-अठरा दिवस लागतात. एकूण वस्तुमान सूर्याच्या साडेपाचपट धरले तर आवर्तकाल ७० हजार वर्षांच्या घरात जातो आणि स्ट्रूव्ह यांच्यापासून आजपर्यंत जोडीदाराने जेमतेम एक अंशाची फिरत केली असणार. एवढ्या तुटपुंज्या कंसावरून कक्षा काढता येत नाही. याद्यांमध्ये अशा जोड्यांना कधी कधी कक्षीय आवर्तकाल दिलेला आढळतो. तो मोजलेला नसून गृहीत वस्तुमानांवरून काढलेला असतो, हे वाचताना ध्यानात ठेवावे.

मग उरते ताऱ्याच्या अंतर्गत रचनेवरून वस्तुमान काढणे. जोडीदाराच्या बाबतीत हे सरळ आहे. मुख्य क्रमावर वस्तुमान आणि तेज यांचे नाते घट्ट असते. सूर्याच्या २० पट तेज आणि ८६०० केल्विन तापमान असलेल्या ताऱ्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे दुप्पट असते, आणि त्यात फार तर दशांशभर इकडेतिकडे होईल.

राक्षसी ताऱ्याला ही सोय नाही. ताऱ्यांचे तापमान आणि तेज मांडणाऱ्या हर्ट्झस्प्रुंग-रसेल आकृतीच्या त्या भागात निरनिराळ्या वस्तुमानांचे तारे दाटीवाटीने एकत्र येतात. सूर्याएवढ्या वस्तुमानाचा वृद्ध तारा आणि सूर्याच्या साडेतीनपट वस्तुमानाचा तरुण तारा दोघेही आयुष्याच्या कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर ५००० केल्विनच्या आसपास येतात. नुसत्या रंगावरून त्यांना वेगळे करता येत नाही, आणि तेजाची जोड दिली तरी शंका पूर्णपणे फिटत नाही. येथे जोडीदार साक्षीला येतो.

एकाच ढगातून एकाच सुमारास जन्मलेल्या ताऱ्यांमध्ये जो अधिक वजनदार तो आपले इंधन आधी संपवतो. जोडीदार अजून मुख्य क्रमावर आहे आणि मुख्य तारा तेथून निघून गेला आहे. म्हणजे मुख्य ताऱ्याचे वस्तुमान सूर्याच्या दुपटीहून जास्तच असले पाहिजे. सूर्याएवढ्या वस्तुमानाचा वृद्ध तारा ही शक्यता एका फटक्यात बाद होते. दुसरी मर्यादा वयाची आहे. सूर्याच्या दुप्पट वस्तुमानाचा तारा मुख्य क्रमावर सुमारे १०० कोटी वर्षे राहतो, त्यामुळे या जोडीचे वय त्याहून अधिक असू शकत नाही. आता तेजाकडे वळू. हीलियम जाळणारे सामान्य राक्षसी तारे बहुतांशी +०.८ या निरपेक्ष प्रतीच्या आसपास गर्दी करतात. आपला तारा −१.० वर, म्हणजे त्या गर्दीपेक्षा जवळपास दोन प्रतींनी उजळ आहे. या तापमानाला एवढे तेज सूर्याच्या तीनपटींहून अधिक वस्तुमानाच्या ताऱ्याला साजते, आणि तारकीय उत्क्रांतीच्या प्रारूपांवरून काढलेला अंदाज सुमारे ३.४ सूर्यवस्तुमाने असा आहे. अशा ताऱ्याचे मुख्य क्रमावरचे आयुष्य सुमारे २५ कोटी वर्षे असते, म्हणून जोडीचे वय २५ ते ३० कोटी वर्षांच्या दरम्यान ठेवता येते. त्या हिशेबाने जोडीदाराने आपल्या मुख्य क्रमावरील आयुष्याचा पाव किंवा त्याहून थोडा अधिक भाग जगलेला आहे. त्याची दुप्पट त्रिज्याही अशा फारशा न उतरलेल्या वयाशी सुसंगत आहे.

यात कच्चा दुवा एकच आहे. जोडीदाराच्या वर्णपटात कवचताऱ्याच्या खुणा नोंदवल्या गेल्या आहेत, म्हणजे तो वेगाने स्वतःभोवती फिरतो आणि त्याच्याभोवती वायूचे आवरण आहे. वेगाने फिरणारा तारा विषुववृत्ताशी फुगतो. त्याचे ध्रुव अधिक तप्त व उजळ आणि विषुववृत्त थंड व मंद असते, त्यामुळे तो कोणत्या कोनातून दिसतो यावर मोजलेले तापमान आणि तेज अवलंबून राहते. कवचाच्या रेषा सहसा तारा विषुववृत्ताच्या बाजूने पाहिला जात असताना उठून दिसतात. तेव्हा जोडीदाराचे खरे सरासरी तापमान आपल्या आकड्यापेक्षा किंचित जास्त असण्याची शक्यता मी गृहीत धरतो. मात्र त्याने वस्तुमानात एखाद्या दशांशाचा फरक पडेल. मुख्य ताऱ्याविषयीचा निष्कर्ष उलटणार नाही.

३.४ सूर्यवस्तुमाने आणि २१-२२ सूर्यत्रिज्या या दोन आकड्यांतून राक्षसी ताऱ्याचे स्वरूप नीट डोळ्यांसमोर येते. त्याची सरासरी घनता घनमीटरमागे जेमतेम अर्धा किलो भरते, जी नाशिकच्या हवेच्या घनतेच्याही निम्म्याहून कमी आहे. अर्थात सरासरी येथे फसवी आहे, कारण वस्तुमानाचा मोठा वाटा लहानशा, अतिघन गाभ्यात आणि त्याच्या निकटच्या थरांत साठलेला असतो आणि बाहेरचा विस्तीर्ण थर त्याहून कितीतरी विरळ असतो. पृष्ठावरचे गुरुत्वीय त्वरण सुमारे २ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे पृथ्वीवरच्या एक पंचमांश आहे. जोडीदाराच्या पृष्ठावर हेच त्वरण सव्वाशेच्या वर जाते. वर्णपटरेषांची रुंदी आणि आयनीभूत अणूंच्या रेषांची तीव्रता या फरकामुळे बदलते, आणि त्यावरूनच अभ्यासक अंतर माहीत नसतानाही राक्षसी तारा ओळखतात.

बेरियमचा प्रश्न

एवढ्यावर हे प्रकरण सुटसुटीत वाटले असते, पण मुख्य ताऱ्याचे वर्गीकरण नुसते जी८ राक्षसी असे नाही. त्याला सौम्य बेरियम ताऱ्याचे उपपद जोडलेले आहे. विल्यम बिडेलमन आणि फिलिप कीनन यांनी १९५१ मध्ये बेरियम ताऱ्यांचा वर्ग वेगळा काढला. या ताऱ्यांच्या वर्णपटात आयनीभूत बेरियमची ४५५४ अँगस्ट्रॉमची रेषा आणि स्ट्रॉन्शियमसारख्या जड मूलद्रव्यांच्या रेषा अपेक्षेपेक्षा ठळक असतात. ही मूलद्रव्ये मंद न्यूट्रॉन ग्रहणाच्या प्रक्रियेतून तयार होतात आणि ती प्रक्रिया ताऱ्याच्या आयुष्यात फार उशिरा, दुसऱ्यांदा राक्षसी अवस्थेत गेल्यावर घडते. बेरियम तारे त्या अवस्थेला अजून पोचलेले नसतात. मग त्यांच्याकडे बेरियम आले कुठून, या कोड्याचा उलगडा १९८० मध्ये झाला, जेव्हा रॉबर्ट मॅक्लुअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तारे द्वैती असल्याचे दाखवले. जवळच्या जोडीदाराने आपल्या अंतकाळी बेरियमयुक्त द्रव्य या ताऱ्यावर टाकले आणि तो स्वतः श्वेत बटू, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा लहान, अतिघन गाभा होऊन मागे राहिला, असे आता मानले जाते.

आयोटा कर्कला हे स्पष्टीकरण लावायचे तर दिसणारा पांढरा जोडीदार उपयोगाचा नाही. तो तीन हजार खगोलीय एककांवर आहे, आणि तो अजून मुख्य क्रमावर असल्याने बेरियम बनवण्याच्या अवस्थेला पोचलेलाच नाही. म्हणजे मुख्य ताऱ्याजवळ एक तिसरा, न दिसणारा तारा असायला हवा. तो श्वेत बटू आजवर थेट दिसलेला नाही. दिसणे कठीणही आहे : अशा बटूची निरपेक्ष प्रत +११ च्या आसपास धरली तर मुख्य तारा त्याच्यापेक्षा साठ हजार पट उजळ ठरतो. दृश्य प्रकाशात त्याला शोधण्यात अर्थ नाही. तप्त बटू जेथे उठून दिसू शकतो त्या अतिनील किरणांत, किंवा मुख्य ताऱ्याच्या त्रिज्यीय (आपल्या दिशेने वा आपल्यापासून दूर जाण्याच्या) वेगातील वर्षानुवर्षे चालणाऱ्या मंद चढउतारांत त्याचा माग काढावा लागेल.

माझे मत असे आहे की या ताऱ्याच्या बाबतीत बेरियमचे उपपद जपून वापरावे. येथील आधिक्य अगदी सौम्य आहे, आणि आयनीभूत बेरियम व स्ट्रॉन्शियमच्या रेषा पृष्ठीय गुरुत्व कमी झाले की आपोआपच ठळक होतात. आपला तारा सामान्य राक्षसी ताऱ्यांपेक्षा दोन प्रतींनी उजळ, म्हणजे कमी गुरुत्वाचा आहे हे वर आलेच आहे. त्यामुळे दिसणाऱ्या आधिक्याचा काही भाग रासायनिक नसून केवळ उजळपणाचा परिणाम असू शकतो. तपशीलवार रासायनिक विश्लेषणात वातावरणाचे प्रारूप वापरून हा परिणाम वेगळा काढता येतो. नुसत्या डोळ्यांनी वर्णपट पाहून दिलेल्या श्रेणीत तो मिसळलेला राहतो.

तरीही तिसरा तारा खरोखर असेल तर आपल्या हिशेबात काय बदलते, हे तपासून पाहणे आवश्यक आहे. तो मुख्य ताऱ्याच्या आधी संपला, म्हणजे मूळचा तो सर्वांत वजनदार, साडेतीन ते चार सूर्यवस्तुमानांचा असणार, आणि आज त्याचा उरलेला बटू सुमारे ०.८ सूर्यवस्तुमानाचा असेल. बाकीचे द्रव्य वाऱ्याच्या रूपाने बाहेर गेले. त्यातले थोडेसेच मुख्य ताऱ्याने पकडले, कारण सौम्य आधिक्याला तेवढे पुरते. एकूण वस्तुमान घटल्याने दूरच्या जोडीदारावरची पकड सैल झाली आणि त्याची कक्षा रुंदावली. वस्तुमान सावकाश घटले असेल तर कक्षेची त्रिज्या त्याच प्रमाणात वाढते. मूळचे साडेनऊ सूर्यवस्तुमान आज सव्वासहापर्यंत उतरले असे धरले, तर जोडीदार आज आहे त्याच्या दोन तृतीयांश अंतरावर जन्मला असेल. आवर्तकालाचा आकडा बटूच्या वस्तुमानामुळे किंचित खाली येतो, पण तो आधीच अंदाजी असल्याने त्याची फारशी दखल घेण्याचे कारण नाही.

जोडीदारावर मात्र या उलाढालीचा परिणाम जवळपास शून्य आहे. दोन-तीन हजार खगोलीय एककांवरून त्याने पकडलेले द्रव्य नगण्यच असणार, म्हणून त्याचे वस्तुमान जन्मवेळचेच आहे आणि त्याच्यावरून काढलेली वयाची वरची मर्यादा तिसरा तारा असो वा नसो, तशीच राहते. आपापल्या नोंदवहीत या जोडीचे गुणधर्म लिहून ठेवणाऱ्यांनी मुख्य ताऱ्यापुढचे ३.४ हे आजचे वस्तुमान आहे असे स्पष्ट लिहावे आणि त्याला जन्मवेळचे वस्तुमान समजू नये. जोडीदाराच्या रकान्यात हा भेद करण्याची गरज नाही.